एकशे तेरावं कलम

राजाभाऊंनी मांगरातल्या, म्हणजे बागेतल्या खोपीतल्या, भिंतीवरच्या तक्त्यावर तिसऱ्या फवारणीची शेवटची खूण केली आणि दोन पावलं मागे सरून ती न्याहाळली. पावस गावातल्या त्यांच्या बागेत हापूसची एकशे बारा कलमं होती आणि अठ्ठावीस वर्षांत एकाचीही फवारणी चुकली नव्हती. ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

चहा बिनसाखरेचा. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहा. तो रिपोर्ट ते घरातल्या लग्नाची पत्रिका दाखवावी तसा दाखवत.

त्यांच्या पत्नी लीलाताई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आत आल्या. झाकण काढून त्यांनी तो पुढ्यात ठेवला. आत गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या होत्या. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या, चार महिन्यांच्या. राजाभाऊ त्या दरमहा न चुकता आणत आणि तितक्याच न चुकता डब्यात टाकत.

"अगो, साखर ताब्यात आहे माझी. मग ह्या कशाला?"

"ह्या साखरेच्या नाहीतच. हृदय नि मेंदू जपायला दिल्यात."

"मला काही होत नाहीये."

"गंगारामभाऊंनाही काही होत नव्हतं."

शेजारचे गंगाराम. साखर त्यांचीही बरी होती. रक्तदाब कुणी मोजला नव्हता. आता ते डाव्या हाताने जेवत, आणि बायकोला हाक मारताना नाव आठवेपर्यंत थांबत.

राजाभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. लीलाताईंनी ते पुन्हा काढलं.

"आज मोहोरावर तुडतुडे दिसले तुम्हाला?"

"दिसतात कसले! दिसायच्या आत मारतो म्हणून तर..."

ते थांबले. लीलाताई निघून गेल्या. डबा उघडाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. रक्तदाब एकशे बहात्तर निघाला. गोळ्या नव्याने लिहून मिळाल्या. परतीच्या वाटेवर राजाभाऊंनी एकाही ओळखीच्याला रिपोर्ट दाखवला नाही.

पंधरा दिवसांनी चौथ्या फवारणीनंतर बागेतला जुना गडी रावजी पंप ठेवायला मांगरात आला आणि तक्त्यासमोर थबकला.

"भाऊ, हे एकशे तेरावं कधी लावलंत?"

"जुनंच आहे. नोंदवायचं राहिलं होतं."

"नि रोज दोन-दोन खुणा?"

"पंधरा दिवसांत एक चुकलेली नाही," राजाभाऊ म्हणाले, आणि त्याला नीट दिसावं म्हणून बाजूला सरले.