जबड्याखालची गाठ

मी झरी गावचा भुऱ्या ससा बोलतोय. बोलतोय खरा, पण माझ्याबाबतीत जे घडलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

अंगणवाडीत शिकवणाऱ्या सुकेशनीने मला पिल्लू असताना आणलं. लळा मात्र लागला तो तिच्या सासूचा, सगुणाबाईंचा. नवरा गेल्यापासून त्या कुणाशी फारसं बोलत नसत. माझ्याशी बोलत, बोलता बोलता बिस्किटं भरवत.

यंदा गाजर चावलं की दाढ ठणकू लागली. मी गाजर तसंच टाकायचो. हनुवटी लाळेने ओली राहू लागली. जबड्याखाली टणक गाठ आली. आम्ही ससे दुखणं दाखवत नाही. का, ते मलाही माहीत नाही.

एकदा कुरवाळताना सगुणाबाईंच्या हाताला गाठ लागली.

"गळू हाय. दाबून पू काढते," म्हणत त्यांनी दाबलं. मी कडकडून चावलो. त्यांच्या बोटातून रक्त आलं. मला भरवणारं माणूस मला का दुखवतंय, ते कळेना. त्या रागावल्याही नाहीत.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. दवाखान्यात नेते त्याला," सुकेशनी म्हणाली.

"मी बी येते."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर अपेक्षा मॅडमनी माझा एक्स-रे काढला. "दाढेच्या मुळाशी गळू आहे. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही, उलट आत पसरतो. दाढ काढून गळू पिशवीसकट कापावं लागेल. आणि माणसाच्या गोळ्या देऊ नका, काही गोळ्यांनी ससा मरतो."

"पर झालं कशानं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"सशाच्या दाढा जन्मभर वाढतात. गवत कमी खाल्लं की त्या झिजत नाहीत, मग मुळाशी गळू होतं. हा खातो काय?"

सगुणाबाई म्हणाल्या, "मीच बिस्किटं चारायले व्हते. वाचंल का?"

"भूल सोसली तर वाचेल. पण गळू पुन्हा होऊ शकतं."

मग मला झोप लागली. जागा झालो तेव्हा जबडा माझा वाटेना. घरी बिस्किटं बंद झाली. सगुणाबाई रोज जखम धुवायच्या, पिचकारीने पातळ चारा पाजायच्या. मला वाटलं, चावलो म्हणून ही शिक्षा.

तुमच्या घरचा ससा खाणं टाकून गप्प बसला, तर जबड्याखालून हळूच बोट फिरवा. गाठ लागली तर दाबू नका, दवाखाना गाठा.

आज मी आपणहून गवताची काडी ओढली. कुरकुर आवाज झाला, तशा सगुणाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. माझं काय चुकलं, कळेना. मी चावायचा थांबलो.

"थांबू नको रं," त्या म्हणाल्या. "खा."