मूर्तीमागच्या दोघी

माझी धाकटी बहीण सात वर्षं देव्यांच्या मागे होती. कुठल्या धर्मात ती सिंहावर बसते, कुठे मांडीवर बाळ घेते, कुठे जगाचं रडणं ऐकत उभी राहते, आणि कुठे तिची मूर्तीच करत नाहीत, देवाच्या दयेतच तिला शोधावं लागतं, हे सगळं ती एका प्रबंधात बांधत होती. मी सुईण. चोवीस वर्षं प्रसूतिगृहात काढली. "मला रोज चार देव्या भेटतात, आणि चौघीही मला शिव्या घालतात," असं मी तिला चिडवायचे. ती हसायची नाही. अभ्यासाचा विषय निघाला की तिच्या नाकावर राग असतो. माझ्या तर तो एरवीही असतो.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. जेवायला म्हणून तिच्याकडे गेले, तर टेबलभर फोटो. ताटापुरती जागा करताना एक फोटो हातात आला. वीतभर उंचीची मातीची मूर्ती. बाई बसलेली, गुडघे फाकलेले, मान मागे टाकलेली. मागे दोन छोट्या बायका तिला चिकटून उभ्या. खाली संग्रहालयाच्या यादीतली ओळ होती: 'सिंहासनावरील देवी, मागे दोन भक्त'. धाकटीचं चौथं प्रकरण या मूर्तीवर उभं होतं. देवी कुठल्याही धर्मातली असो, ती एकटी पुरी पडते, तिला कुणाचा हात लागत नाही, असं तिचं म्हणणं.

"या भक्तबिक्त नाहीत गं," मी म्हटलं. "ही बाई बाळंत होतेय."

"ताई, ते सिंहासन आहे."

"सिंहासनाची बैठक पुढून अशी कापलेली असते होय? राणीसाहेब खाली पडतील की! ही बाळाला वाट ठेवलीय. आणि हात बघ. भक्तांचे हात जोडलेले असतात. यांचे तिच्या काखेत आहेत. कळ आली की बाई घसरते, तेव्हा आम्ही असंच धरतो. अंगठे बाहेर ठेवून, नाहीतर काख काळीनिळी होते."

तिने भिंग आणलं. चारही अंगठे बाहेर होते. ती मटकन खुर्चीत बसली. हिच्या सात वर्षांच्या कामाला मी जेवायच्या आधी भोक पाडून बसले होते.

तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळं ऐकून फोनवर सांगितलं, "ती यादी करणाऱ्या बाईच तुमच्या परीक्षक आहेत. त्यांनाच चूक म्हणणार? पदवी हातची जाईल. आहे तसं देऊन टाका." मीही तेच म्हटलं. मूर्तीचं काय, इतकी वर्षं चुकीच्या नावाने राहिलीच आहे.

धाकटी माझ्यावर खेकसली, "बाळ पायाळू असलं तर तू कागदावर सरळ लिहितेस का?"

मी भिंग उचलून परत तिच्या हातात दिलं. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

तिने प्रकरण पहिल्या पानापासून नव्याने लिहिलं. मी कामावरून थेट तिच्याकडे जायचे, कसं धरायचं ते दाखवायचे, आणि ती माझ्या हातांचे फोटो काढायची.

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून शेवटच्या रांगेत बसले. परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, आवाज कोरडा. "एकोणतीस वर्षं माझी ही ओळ कुणी खोडली नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा आधार काय?"

धाकटीने सरळ माझ्याकडे बोट केलं. "माझी ताई. ती सुईण आहे."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्याची तिथेच कानउघाडणी करावी असं मनात आलं. परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. "या पुढे," त्या मला म्हणाल्या.

मी गेले. धाकटीला खुर्चीच्या कडेवर बसवलं, मागून काखेत हात घातले आणि म्हटलं, "टाक भार." तिने टाकला. लहानपणी उचलायचे त्यापेक्षा बरीच जड झालीय. परीक्षक बाई फोटो घेऊन आमच्याभोवती फिरल्या, वाकून माझे अंगठे पाहिले. मग हळू विचारलं, "उजवीकडच्या बाईचं तोंड देवीच्या कानाशी आहे. ती प्रार्थना करतेय असं मी लिहिलं होतं. काय सांगत असेल ती?"

"दुसरं काय सांगणार? 'घाबरू नकोस, मी धरलंय.' रोज सांगतो आम्ही."

बाईंनी पेन काढलं. सोबत आणलेल्या स्वतःच्या यादीतला 'भक्त' हा शब्द खोडला आणि त्यावर 'सुईणी' असं लिहिलं. दाराशी उभ्या असलेल्या सरांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला पुढेपर्यंत ऐकू आला.

"ताई, सोड आता, सगळे बघतायत," धाकटी पुटपुटली.

मी सोडलं नाही. बघू देत की सगळ्यांना. माझी बहीण आहे ती.