फर्नला आलेली जास्वंद

जमिनीवर झाडाचं पान दिसलं की आमच्या ह्यांच्या अंगात येतं. अंबरनाथ एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहेत, घरीही तोच खाक्या. माझं हौसेचं फर्न बारीक पानांचं, पंख्याखाली हॉलभर गळायचं. त्यात सासूबाईंचा नियम, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते. म्हणजे हे कामावरून येणार, मोज्यांना पानं चिकटणार आणि आमच्या अख्ख्या बेलवलीला ऐकू जाणार, "उमा, या घरात एक तर हे झाड राहील, नाहीतर मी!"

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

दोन दिवस अबोला! मग साहेबांनी हुकूम काढला: न गळणारं फर्न आणा. त्याचंही काही खाली पडलं, तर घरातली सगळी झाडं सोसायटीच्या गेटवर. सगळी! मला रडूच आलं. लेक राजसी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून मी दिवसभर बोलते ती या झाडांशीच.

उल्हासनगरची नर्सरी गाठली. नर्सरीवाला म्हणाला, "भाभी, नेस्ट फर्न ले जाओ." रुंद, अखंड पानं, मधे घरट्यासारखी वाटी. पाणी कडेच्या मातीत घालायचं, वाटीत थेंब नको, नाहीतर कोंब कुजतो. पंख्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवायचं. जुनं पान पिवळं पडलं की गळायची वाट न बघता बुडातून कापायचं. मी खिडकीजवळचा सावलीचा कोपरा दिला आणि देवाला हात जोडले.

तिसऱ्याच सकाळी आरोळी. "उमा! गळलं!"

खाली झेंडूच्या पाकळ्या. हे कुंडी उचलायला वाकले आणि तसेच थबकले. वाटीत अख्खा झेंडू.

"अगं, हे तर फुललंय!"

फर्नला फूल येत नाही हो, कधीच येत नाही! पण कुंडी गेटवर जाण्यापेक्षा नवऱ्याचं अज्ञान परवडलं. मी मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी जास्वंद आली. ह्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'एकाच झाडाला दोन जातींची फुलं.' शेजारचे भगवंतराव बघायला आले, तेव्हा पाकळ्या ह्यांनी स्वतः वेचल्या आणि बशीत ठेवल्या. दहावीनंतर जीवशास्त्राचं तोंड न बघितलेला माणूस, दुसरं काय होणार!

करणी कोणाची, ते मला आठवड्याने कळलं. पूजा आटोपून सासूबाई ओलं निर्माल्य घेऊन आल्या आणि हळूच वाटीत ठेवलं. निर्माल्य पायदळी जायला नको म्हणून त्या ते कुंडीत टाकतात, ही त्यांची जुनी सवय. मी वाकून बघितलं तर कोवळा कोंब कडेने काळा पडायला लागलेला. फुलं थांबवली तर ह्यांचं कौतुक संपणार, नाही थांबवली तर झाडच संपणार.

"आई, अहो, ओल्याने मरेल ते!"

"अगंबाई! आधी नाही का सांगायचंस?" त्यांनी घाईघाईने वाटी रिकामी केली, पदराने कोंब टिपला. "उद्यापासून कोरडं फूल ठेवते. आणि मधे नको, पानावर."

"म्हणजे? फर्नला फुलं येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी काय तुझा नवरा आहे?" त्या पदर झटकत म्हणाल्या. "पहिल्या दिवशी निर्माल्यच होतं. दुसऱ्या दिवसापासून तुझ्यासाठी ठेवतेय. मुलगी गेल्यावर घर कसं खायला उठतं, ते मला नको सांगूस."

मी त्यांचा हात धरून तशीच उभी राहिले.

"रडतेस काय, वेडे!" त्या माझ्या कानाशी आल्या. "परवा लक्ष्मीचा गुरुवार. बाजारातून कमळ आण. बघू, त्याच्यावरही विश्वास ठेवतो का."