ग्रहणात कापलेली कोथिंबीर

माझी मोहिनी चौदा महिन्यांची झाली तरी बसत नव्हती, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सातव्या महिन्यात माहेरी असताना, ऐन ग्रहणात, मी मळ्यात कोथिंबीर कापली होती. सासूबाई रोज ऐकवायच्या. मलाही ते पटलं होतं.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी एमआरआय पाहिला. मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा जन्मतःच तयार झालेला नाही, म्हणाल्या. मी ग्रहणाचं विचारलं. "छे हो, त्याचा काय संबंध? हे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही दिसतं. रिपोर्ट आहे?"

फाईल आईकडे होती, सिन्नरला. ती तर म्हणाली होती, हरवली. मी सोनोग्राफी सेंटरला फोन लावला, त्यांनी मोबाईलवर रिपोर्ट पाठवला. त्यात लिहिलं होतं: बाळाच्या मेंदूत दोष दिसतो, पुढची तपासणी करावी, नातेवाइकांना समजावून सांगितले. खाली आईची सही, ठमाबाई, वाकड्यातिकड्या अक्षरात.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तपासणीआधी भरपूर पाणी प्यायला लावलं होतं, म्हणून संपताच मी बाथरूमला पळाले. परतले तर आई केबिनमधून बाहेर येत होती. म्हणाली, "समदं झ्याक हाय." वर उसाचा रस पाजला.

"तेव्हा कळलं असतं तर पहिल्या महिन्यापासून व्यायाम सुरू केले असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पट्टा काही नव्याने येत नाही. पण शिकवलं तर पोर बसेल. उद्यापासून रोज आणा."

सोबत आलेली आई बाहेर बाकावर मोहिनीला मांडीवर घेऊन बसली होती. मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने सही ओळखली.

"पहिलटकरीन तू. घाबरली असतीस. आन सासरच्यांनी नांदवलं नसतं तुला."

"आणि ग्रहणाचं सासूबाईंना कुणी सांगितलं? मळ्यात तर आपण दोघीच होतो."

आईने मोहिनीचं झबलं नीट केलं. मग म्हणाली, "त्या सारख्या इचारायच्या, असं का झालं म्हून. रिपोर्टाचं कळलं असतं तर समदं माझ्यावर आलं असतं."

माझ्यावर ढकललं तिने, सख्ख्या आईने. इतके महिने मी तिच्याच गळ्यात पडून रडत होते आणि ती पाठीवरून हात फिरवत होती. सासूबाई निदान तोंडावर तरी बोलत होत्या.

मी मोहिनीला उचलून घेतलं.

"उद्यापासून रोज यायचं ना? मी येते संगं," आई म्हणाली. "एकटीला कसं झेपंल?"

"सासूबाई येतील," मी म्हणाले.