गिफ्टेड मुलांची शाळा

"आई-बाबा, मी कुठल्या शाळेत जाते म्हणून सांगता तुम्ही लोकांना?"

प्रश्न शरयूचा नव्हताच. शाळेत सगळे गोल करून बसले असताना वर्गातल्या डॉना आणि केविननं तिला डिवचलं होतं, "हिंमत असेल तर घरी विचारून दाखव!" आणि हिंमत तर हल्ली शरयूकडे नुसती उतू चालली होती. दारू सुटल्यापासून तिला सकाळी आपोआप जाग यायची, सणसणून भूक लागायची, गणितं सुटायची. म्हणून प्रतिमाकाकूंकडे हळदीकुंकवाला निघालेली गाडी हायवेला लागल्या लागल्या तिनं मागच्या सीटवरून विचारून टाकलं.

बाबांनी वायपर चालू केले. बाहेर ना पाऊस, ना बर्फ.

"लहान शाळा आहे म्हणून सांगतो," आई काळ्या साडीच्या निऱ्या सारखी करत म्हणाली. "खोटं आहे का? लहानच आहे."

"आणि सप्टेंबरपासून तू जुन्या शाळेत परत," बाबा म्हणाले. "म्हणजे कोणाला काही सांगायचा प्रश्नच उरणार नाही."

हे शरयूला नवीनच होतं. जुनी शाळा म्हणजे बँडची खोली, क्लॅरिनेटच्या पेटीत लपवलेली व्होडका, आणि एका दुपारी ड्रम्सच्या मागे बेशुद्ध सापडलेली ती स्वतः. ते सगळे दोस्त अजून तिथंच होते. आताची शाळा व्यसनातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी होती, एका चर्चच्या मागच्या खोल्यांत भरायची, आणि तिथं 'चल जरा मागे' असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

"बघू," शरयू म्हणाली.

प्रतिमाकाकूंनी दार उघडून तिला मिठीच मारली. "आली ग बाई आमची जीनियस!"

आत काळ्या साड्यांची गर्दी. बाबा पायातले बूट काढून बेसमेंटमध्ये सटकले, काका मंडळी तिथं फुटबॉल बघत होती. सोफ्यावरच्या नंदामावशी म्हणाल्या, "हीच ना ती, गिफ्टेड मुलांच्या शाळेतली?"

शरयूनं आईकडे पाहिलं. आई तिळाच्या लाडवांकडे टक लावून बघत होती.

खरं तर आईनं गिफ्टेड वगैरे म्हटलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती की वर्गात मोजकी मुलं असतात, शिक्षकांना नावानं हाक मारतात आणि इंटरव्ह्यू घेतल्याशिवाय कोणालाच घेत नाहीत. एवढं ऐकल्यावर आपल्या लोकांनी दुसरा अर्थ काढावा तरी कोणता? आपल्या पोरीला निवडून घेतलंय म्हणजे हुशारीसाठीच! आईनं फक्त 'नाही' म्हटलं नव्हतं.

"इंटरव्ह्यूत विचारतात तरी काय ग?" नंदामावशींनी विचारलं.

खरा प्रश्न शरयूला पाठ होता. शेवटचं कधी प्यायलीस आणि कोणाबरोबर? पण सगळ्याजणी इतक्या कौतुकानं बघत होत्या! कितीतरी दिवसांत तिच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

"कोडी घालतात," ती म्हणाली. "आणि स्वतःबद्दल बोलायला लावतात. एकदम डीप."

"बघा!"

मग काय, ती सुटलीच. बुद्धिबळ झालं, लॅटिन झालं. चर्चच्या मागच्या त्या गळक्या छपरावर तिनं एक दुर्बीणसुद्धा बसवली.

"ऐकतेस ना कांचन?" प्रतिमाकाकू जिन्याशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला म्हणाल्या. "कान देऊन ऐक जरा."

नववीतली कांचन तडक वर निघून गेली. शरयू तिच्या मागे गेली. पलंगभर बुद्धिमापनाच्या परीक्षांची पुस्तकं पसरली होती.

"हे सगळं तुझ्यामुळे," कांचन म्हणाली. "मॉमनं माझं स्विमिंग कॅन्सल केलं. जेवताना शरयू, कारमध्ये शरयू. आय ॲम नॉट स्मार्ट लाइक यू, ओके? मला नाही सुटत ही पझल्स. आता लॅटिन पण?"

शरयूचे कान तापले. दुर्बीण निदान बसवायला नको होती.

ती खाली आली तेव्हा काकूंनी करंडा हातात घेतला होता. "काकू, कांचनला आमच्या शाळेत नाही घेणार."

"का ग? चांगली तयारी करून घेतेय मी."

"ती दारू पीत नाही ना."

नंदामावशी खो खो हसल्या. "चावटच आहे कार्टी!" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्याच हसतोय.

"व्यसन सोडणाऱ्या मुलांची शाळा आहे ती. मी प्यायचे. बुद्धिबळ, लॅटिन, सगळं मी आत्ता बनवून सांगितलं. तिला पोहायला जाऊ द्या, काकू."

काकूंचं बोट कुंकवातच राहिलं. खरं बोललं की हलकं वाटतं, असं शाळेत रोज सांगायचे. शरयूला अजिबात हलकं वाटलं नाही. आईची मान इतकी खाली गेलेली तिनं आजवर पाहिली नव्हती. शेवटी काकूंनी शरयूकडे न बघताच तिला कुंकू लावलं, वाणाची स्टीलची वाटी हातात दिली आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या. पुन्हा कोणी जीनियस म्हटलं नाही.

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "एवढ्या लवकर का निघालो?"

"सांगितलं तिनं," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर." मग मागे न वळता, "मला बाजूला घेऊन सांगायचंस ग आधी. मीच सांगितलं असतं कदाचित."

"सॉरी, आई." शरयूला रडू फुटलं. "दुर्बीण पण मीच सांगितली."

"कसली दुर्बीण?" बाबांना काही कळेना. "ते राहू दे. आता सप्टेंबर कशाला? सोमवारीच जुन्या शाळेला फोन करतो. पोरगी सुधारली, परत गेली, एवढं तरी चारचौघांत सांगता येईल."

शरयूनं बाहीनं नाक पुसलं. चार बायकांनी कौतुकानं पाहिलं तर तिची जीभ अशी घसरली होती. बँडच्या खोलीत तर जिवाभावाचे दोस्त होते. ते नुसते 'ये' म्हणाले असते.

"आई, बाबा," ती म्हणाली. आवाज फाटत होता, तरी तिनं तो वर काढला. "मी जुन्या शाळेत जाणार नाही. सोमवारी नाही आणि सप्टेंबरमध्ये पण नाही. मी ह्याच शाळेतून ग्रॅज्युएट होणार."