मी आहे

हवालदाराने दारावर टकटक केली आणि नेहमीच्याच सुरात हाक मारली, "मास्तर, मी आहे."

जिन्यात, त्याच्या मागे, केंद्राच्या खात्याचे दोन अधिकारी भिंतीला चिकटून उभे होते. या इमारतीत परक्याला कुणी दार उघडत नसे, आणि दार फोडायची परवानगी त्यांना नव्हती. म्हणून ठाण्याच्या साहेबांनी हवालदाराला बरोबर दिला होता.

"तू फक्त हाक मारायची," साहेब म्हणाले होते. "पकडणार ते."

दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, असं हवालदाराने विचारून पाहिलं होतं. साहेबांनी नुसतं वर बघितलं, आणि याचं उसनं अवसान तिथंच गळालं.

आतलं शिलाई मशीन थांबलं.

"आलो, आलो! शर्ट होतच आलाय. या खेपेला दोन बोटं सैल केलाय. आता शिवणीत जागा नाही हं, पुढच्या वेळी पोटालाच समज द्या!"

शिंपी दुसऱ्या देशातून आलेला. त्याचा राहण्याचा परवाना कधीच संपला होता. ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, हवालदारालाही. त्याने आजवर काणाडोळा केला होता. माणूस सज्जन, हाताला सफाई. शिवाय त्याची मुलगी हवालदाराची लाडकी. दरवर्षी तो तिच्या शाळेत जाऊन मुलांना शिकवायचा, की हरवलात, घाबरलात तर रडायचं नाही. वर्दीवाल्या काकांचा हात धरायचा आणि आपलं घर सांगायचं. मग काका म्हणणार, "घाबरू नको, मी आहे." हे नाटक तो प्रत्येकाकडून करून घ्यायचा, आणि सगळ्यात खणखणीत आवाज या पोरीचा असायचा.

दार उघडलं. शिंप्याच्या गळ्यात टेप, हातावर वर्दीचा शर्ट. अधिकारी दोन्ही बाजूंनी पुढे झाले, एकाने त्याचा दंड धरला. शिंपी घाबरला नाही. काहीतरी घोटाळा झालाय, आत्ता निस्तरेल, अशा समजुतीने तो हवालदाराकडे बघून हसला.

"साहेब, सांगा ना यांना. तुम्ही ओळखता मला."

"ओळखतात म्हणूनच आणलंय," अधिकारी म्हणाला.

हवालदार जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला. शिंप्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर हवालदाराला बरं वाटलं असतं. पण त्याने शर्टाची नीट घडी घातली आणि मागे आलेल्या बायकोच्या हातात दिली.

"साहेबांचा आहे. एक बटण राहिलंय."

बायकोचे हात ओले होते. शर्ट भिजू नये म्हणून तिने तो कोपरावर घेतला.

"कुठं नेताय यांना?"

"कळवू."

ते त्याला घेऊन जिना उतरू लागले. तिने हवालदाराकडे बघितलं. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"भाऊ, तुमचा आवाज ऐकून उघडलं हो त्यांनी."

हवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केसाने गळा कापला होता त्याने, आणि तोही स्वतःचा हात न लावता. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आता निघावं, निदान तिच्या नजरेसमोरून तरी हलावं, म्हणून तो वळला.

मशीनमागून मुलगी बाहेर आली. शाळेचा गणवेश अंगावर, एका पायात मोजा. ती जिन्याकडे धावली नाही. सरळ हवालदाराजवळ आली आणि तिने त्याचा हात धरला, घट्ट. ती रडली नाही.

"काका," ती म्हणाली, "माझं घर हे."

आणि पुढचं वाक्य त्याचं होतं म्हणून ती मान वर करून थांबली.