नऊ वारातले सहा वार

दुसऱ्याच्या साडीवर डोळा ठेवू नये, म्हणतात. हे म्हणणारी बाई बहुधा साड्यांनी फुटायला आलेल्या कपाटासमोर उभी असणार. मी डोळा ठेवला नव्हता. त्या पाच साड्या बारा वर्षं माझ्याच ट्रंकेत पडून होत्या आणि त्यांच्यात टाकलेल्या डांबराच्या गोळ्याही माझ्याच पदरच्या होत्या.

साड्या माझ्या नणंदेच्या. राजलक्ष्मी वन्सं मद्रासला असतात. शहराचं नाव गेल्या वर्षी बदललं, पण चेन्नई म्हटलं तर आपला मान कमी होतो असं त्यांना वाटत असावं. नवरा मोठ्या हुद्द्यावर, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि अंगावर बारा महिने फुलाफुलांची सिंथेटिक साडी. चैत्रात तंजावरला येतात तेव्हा ती पाठीला चिकटलेली असते, घामाचा पट्टा आरपार दिसतो, तरी बाई पदर झटकून सांगणार, "इस्त्री लागत नाही बघ हिला." इस्त्री लागत नाही हे खरं. बाकी सगळं लागतं.

आता या साड्या माझ्याकडे कशा, ते सांगते. आमच्या इथल्या मराठी घरांत मंगलकार्याच्या आधी सवाष्णींची पूजा होते. घरातल्या ज्या बायका सवाष्ण म्हणून गेल्या, त्यांच्या नावानं नवी नऊवारी आणायची. सोवळ्यात भिजवून, कुणाचा हात लागणार नाही अशा उंच काठीवर वाळवायची, पाटावर मांडून तिची पूजा करायची आणि मग ती घरच्या लेकीनं नेसायची. लेकीनं, सुनेनं नाही. सुनेनं साडी भिजवायची, वाळवायची, वीस पानं वाढायची आणि भिंतीला टेकून उभं राहायचं.

अशा पाच पूजा आमच्या घरी झाल्या. पहिली सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, त्यांच्याच नावानं. मामंजी तेव्हा होते; त्यांनी स्वतः विणकराकडे जाऊन वांगी रंगाची, मोहरी काठाची जाडजूड सुती नऊवारी आणली होती. आणि वन्संनी काय केलं? साडी डोळ्यांना लावली, घडीसकट आपल्या सिंथेटिक साडीवरून खांद्यावर टाकली, पाच मिनिटं पाटावर बसल्या आणि उठल्या. पाचही वेळा हेच. नंतर मला म्हणणार, "तुझ्याकडेच असू दे भारती, आमच्या फ्लॅटमध्ये जागा कुठली." आयती साडी मिळतेय तर नेसायचेही कष्ट नकोत. मी भिंतीला टेकून हे बघायची आणि मनात हसायची. मला नऊवारी डोळे मिटून नेसता येते. सासूबाईंनीच शिकवली होती मला, लग्न झाल्या महिन्यात.

बरं, हे झालं जुनं. माझा नवरा व्यंकटरमण एका छापखान्यात खिळे जुळवायचा. लग्नपत्रिका, वाढदिवसाच्या पत्रिका, देवळांच्या पावत्या. मग गावात कॉम्प्युटर आले आणि छापखाना चार वर्षांत बंद पडला. नवरा घरी बसून पेपरातल्या छपाईच्या चुका काढायला लागला. घरात दुसरी कमाई नव्हती. तेव्हा वन्संच्या दिराच्या मुलानं, गिरीशनं, जुन्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटर शिकवायचा क्लास काढला. भांडवल त्याच्या काकांचं, म्हणजे वन्संच्या यजमानांचं. वन्संनी शब्द टाकला आणि मला तिथं बाहेरच्या टेबलावर बसवलं. आलेल्या आईबापांशी बोलायचं, फॉर्म भरून घ्यायचे. सहा महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं.

या गिरीशचं वय अठ्ठावीस. उंटावरचा शहाणा. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला की मॅडम, जरा मॉडर्न दिसायला हवं, आईबाप आधी टेबल बघतात आणि मग कॉम्प्युटर. माझ्याकडे तेव्हा ऑफिसला नेसण्याजोग्या तीन साड्या होत्या, त्यातली एक पाठीत विरलेली. वय सेहेचाळीस. या वयात मॉडर्न म्हणजे काय, हे त्या पोराला विचारलं असतं तर त्यानं मद्रासच्या दुकानाचं नाव सांगितलं असतं. समोरच्या बँकेतल्या बायका बघाव्यात तर त्याही तशाच. उन्हाळ्यात नायलॉन, त्यावर चमकीचा ब्लाउज, वर पावडरचा थर, आणि दुपारी दोनला सगळं वितळलेलं. पैसे घालवून कुरूप कसं दिसावं, ते यांच्याकडून शिकावं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ट्रंक उघडली.

नऊवारीत कापड किती असतं, हे न नेसणाऱ्यांना कळायचं नाही. पदर तसाच ठेवून आतल्या टोकाकडून कापलं की सहा वारांची भरगच्च साडी निघते, उरलेल्या तीन वारांत त्याच कापडाचा ब्लाउज, एक खांद्याला लावायची पिशवी, शिवाय ठिगळाला तुकडा. राजवाड्याच्या पूर्वेच्या गल्लीत कृष्णाजी म्हणून आमच्यातलाच म्हातारा शिंपी बसतो, त्याच्याकडे पहिली साडी घेऊन गेले. त्यानं काठ बोटांत धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ही पूजेची ना? मी हो म्हटलं. मग म्हणाला, एकदा कात्री लागली की सोवळ्याला चालायची नाही, जोडलीस तरी नाही. मी म्हटलं, सोवळं नेसायला इथं कुणाला वेळ आहे. त्यानं कात्री काही उचलली नाही. ब्लाउज शिवून देईन, कापून आण, म्हणाला. मी घरी आले आणि फरशीवर अंथरून स्वतःच कापली. पुढच्या चार महिन्यांत पाचही कापल्या.

आणि काय सांगू, दिसले मी! तांदळाच्या कंजीत बुडवून, अर्धवट ओली असताना झटकून, गादीखाली घडी दाबून ठेवली की इस्त्रीचा खर्च नाही. निऱ्या मोजून पाच. पिन एकच, खांद्यावर. सुती असल्यामुळे घाम दिसत नाही, बसमध्ये चढताना पायात येत नाही. चपलांवर मी दमडी खर्च केली नाही, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून त्या क्लासात सगळ्यांनी चपला जिन्याखालीच काढायच्या. बँकेतल्या दोघी येऊन विचारून गेल्या की ही हातमागाची साडी कुठल्या दुकानातली. मी म्हटलं, मद्रासहून मागवते. त्या बिचाऱ्यांनी दुकानाचं नाव लिहून घ्यायला कागद काढला.

सहा महिने भरले त्या दिवशी वन्सं आल्या. जननीचं, त्यांच्या लेकीचं, लग्न ठरलं होतं आणि गिरीशला आमंत्रण द्यायला त्या सरळ क्लासातच आल्या. मी वांगी रंगाची नेसले होते, सगळ्यांत चांगली म्हणून. वन्संनी मला खालून वर बघितलं. मग पदर हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि गिरीशला म्हणाल्या की बघ, याला म्हणतात आवड, या गावात अशी साडी नेसणारी दुसरी बाई दाखव. एवढं वजनदार सूत हल्ली मिळतं कुठं, म्हणून मलाच विचारलं. स्वतःच्या आईच्या नावाची साडी, हातात धरलेली, आणि बाईला पत्ता नाही! मी खाली मान घालून रजिस्टरावर रेघा मारत राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं. गिरीश काकूंपुढे कायमच मऊ. त्यानं संध्याकाळी पत्र देतो म्हणून सांगितलं. कायमचं.

दुपारी जेवायला वन्संना घरी आणलं. वाटेतच त्या म्हणाल्या की जननीच्या लग्नाआधीची पूजा मद्रासला आहे, आणि त्या पाची नऊवाऱ्या या वेळी घेऊन जाते. घरी पोचल्यावर कापी प्यायच्या आधीच ट्रंकेसमोर बसल्या. झाकण उघडलं. आत दोन सतरंज्या आणि डांबराच्या गोळ्या.

माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात एक काम वेळेवर केलं असेल तर ते त्या क्षणी. म्हणाला, "कसरीनं खाल्ल्या अक्का. चाळण झाली होती. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही."

आणि वन्संना ते पटलं. डोळे पुसले, सतरंज्या पुन्हा आत ठेवल्या. तिथंच संपलं असतं. संध्याकाळी पत्र मिळालं असतं, आणि काय हवं होतं मला? पण वन्सं उठता उठता म्हणाल्या, की स्वतःच्या साड्या कशा कडक कंजी घालून जपतेस, भारती, त्यातली निम्मी काळजी माझ्या वस्तूंची घेतली असतीस तर.

तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं गोळ्या मी घातल्या, दर आश्विनात उन्हं मी दाखवली, आणि पाच मिनिटं खांद्यावर टाकणारी ही मला काळजी शिकवणार! नोकरी गेली खड्ड्यात. नवरा मागून मान हलवत होता, त्याच्याकडे मी बघितलंच नाही.

"ही तुमचीच आहे, वन्सं," मी पदर त्यांच्यापुढे धरला. "सकाळपासून हातात घेऊन वाखाणताय ती. तुमच्या आईच्या नावाची. पाचही मीच कापल्या. तुम्हाला ओळखूसुद्धा आली नाही."

आणि हसले. मोठ्यांदा हसले. किती वर्षांचं साठलेलं होतं.

वन्संनी पदर हातात घेतला. सकाळी बघितला होता तसा नाही. अंगठ्यानं काठ दाबत टोकापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता ओरडतील, गिरीशला फोन लावतील, शेजारच्या घरातून लावतील. त्या खाली बसल्या.

"मला नऊवारी नेसता येत नाही," त्या म्हणाल्या. "विसाव्या वर्षी लग्न करून गेले. आईनं तुला शिकवलं, मला नाही. भरल्या घरात लेक म्हणून पाटावर बसायचं आणि कासोटा घालता येत नाही, हे कुणाला सांगू? म्हणून खांद्यावर टाकायची. घरी नेऊन तरी काय करू, म्हणून तुझ्याकडे ठेवायची."

मग म्हणाल्या की मद्रासमध्येच मांबळमला एक बाई शिकवते, दोन महिने तिच्याकडे दर मंगळवारी जाऊन चादरीवर शिकल्या. जननीच्या पूजेला आईच्या नावाची नेसून बसायचं, म्हणून. यजमानांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाला आलं ते हेच की मला एकदा सांगायचंत.

"पाच वेळा तू समोर उभी होतीस," वन्सं म्हणाल्या. "एकदा तरी म्हणालीस, वन्सं, नेसवून देते?"

ट्रंकेवर हात टेकून त्या उठल्या. जेवल्या नाहीत. दारात चप्पल घालताना म्हणाल्या की गिरीशला यातलं काही कळणार नाही, नोकरी तुला लागते. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. त्या बाईनं तेवढीही सोय ठेवली नाही. संध्याकाळी मला पत्र मिळालं, आणि गिरीशनं पेढे मागितले.

लग्नाच्या आधी आम्ही मद्रासला गेलो. पूजेसाठी नवी नऊवारी आणली होती, दुकानातली, हिरवी, पातळ. वन्सं आतल्या खोलीत ती नेसत होत्या. दार अर्धवट उघडं होतं. निऱ्या लहानमोठ्या झाल्या होत्या, कासोटा मागून निसटत होता, आणि त्या एका हातानं तो धरून दुसऱ्या हातानं खोचायला बघत होत्या. दुसरी कुणी असती तर मी कोपऱ्यात जाऊन पोट धरून हसले असते. मी आत गेले, दार लोटलं आणि म्हटलं, "वन्सं, नेसवून देते."

त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"नको," म्हणाल्या. "येतं मला."

त्या तशाच बाहेर गेल्या, डावा हात कमरेवर दाबून, आणि पूजा संपेपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही. मी भिंतीशी उभी राहून पानं वाढायची वाट बघत होते.